पाहुण्यांचा पैसा छपरापर्यंत कसा पोचवायचा

जुनं गाव बघायला पाहुणे येतात, दोन रात्री राहतात, पैसे देऊन जातात. पैसे कशाचे? खाटेचे, जेवणाचे, अंघोळीच्या गरम पाण्याचे. ज्यासाठी माणूस एवढ्या लांब आला ते गवती छप्पर, ती कोरीव चौकट, ते रात्रभर चालणारं नाट्य, मागावरची ती नक्षी, यांतल्या कशाचंच बिल होत नाही. शिवाय वारसा बहुतेक वेळा खाटेच्या मालकाकडे नसतोच. तो असतो शेजारच्या म्हातारीच्या बोटांत, कडेच्या वस्तीतल्या वाजंत्र्याकडे, गावाबाहेरच्या कुरणात.

म्हणून नुसतं पर्यटन वाढलं तर खाटा वाढतात, वारसा नाही. खाटा वाढवायला जागा लागते, जागेसाठी माळा पाडला जातो, माळ्याच्या जागी स्लॅब येतो आणि पाच-सात वर्षांनी पाहुणे म्हणू लागतात की गाव आता पूर्वीसारखं राहिलं नाही. यात कुणी खलनायक नसतो. प्रत्येक घराने आपल्यापुरता शहाणा हिशेब केलेला असतो.

गावाने चालवलेलं, वारसा जपणारं पर्यटन म्हणजे मुळात एवढंच: खाटेपाशी जमणारा पैसा आणि वेळ छपराकडे, हातांकडे, कुरणाकडे वळवणारी पक्की व्यवस्था, आणि तिच्या किल्ल्या गावाकडे. पाणी उताराने जातं. वरच्या वावराला हवं असेल तर पाट काढावा लागतो, आणि पाट कुणी मध्येच फोडू नये म्हणून राखणही करावी लागते.

छप्पर सडतं कशामुळे

जपानमधल्या शिराकावा-गो भागातली ओगिमाची ही वाडी या विषयातलं पुष्कळ अभ्यासलं गेलेलं उदाहरण. तिथली घरं जोडलेल्या तळहातांसारख्या उंच गवती छपरांची. उतार साधारण ६० अंशांचा, कारण तिथे बर्फ प्रचंड पडतं आणि ते घसरून खाली यावं लागतं. नीट राखलं तर एक शाकारणी ३० ते ४० वर्षं टिकते. पण ही मुदत फक्त गवताच्या जाडीवर अवलंबून नसते. घराच्या मधोमध जमिनीत केलेली उघडी शेगडी रोज पेटायची, तिचा धूर माळ्यांच्या फटींतून वर चढायचा, गवत कोरडं ठेवायचा, किडे पळवायचा आणि वासे बांधणाऱ्या दोऱ्यांनाही काजळीने राखायचा.

आता या घराची पाहुण्यांची खोली करा. धुराने कपड्यांना वास येतो अशी तक्रार येते. विजेचा हीटर बसतो, शेगडीवर झाकण पडतं. बाहेरून काहीच बदललेलं दिसत नाही, फोटो तसेच येतात. आत मात्र गवत ओल धरू लागतं आणि छपराचं आयुष्य कमी होत जातं. पर्यटनाने वारसा बिघडतो म्हणजे नेमकं काय होतं, ते एवढ्या छोट्या गोष्टीत दिसतं: कुणी काही पाडलेलं नसतं, एक जाळ विझलेला असतो. उपायही तितकाच साधा आहे. पाहुणे असोत-नसोत, शेगडी रोज ठरावीक वेळ पेटवायची, आणि लाकडाचा व पेटवणाऱ्याच्या वेळेचा खर्च घरमालकाच्या खिशातून न घेता वारसा निधीतून द्यायचा. घरमालकावर सोडलं तर मंदीच्या महिन्यात सर्वांत आधी तोच खर्च कापला जातो.

मातीच्या घरांची अशीच एक ठरलेली चूक आहे. पाहुण्यांना भिंत गुळगुळीत आणि स्वच्छ दिसावी म्हणून मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारतात. मातीची भिंत जमिनीतली ओल वर ओढते आणि पृष्ठभागावरून सोडून देते. सिमेंट ती वाट बंद करतं. ओल आत अडकते, गिलाव्यामागची माती भुसभुशीत होते, आणि दोन-चार पावसाळ्यांनंतर गिलावा पापुद्र्यासारखा सुटतो तेव्हा भिंतीचा पायथा आधीच गेलेला असतो. ज्याने 'सुधारणा' केली त्याला वाटतं, जुन्या भिंतीत दमच नव्हता. माती किंवा चुन्याचाच गिलावा, भिंतीलगत पाणी साचू न देणारा चर आणि पुढे आलेली वळचण एवढ्याने काम भागतं. गावाच्या नियमावलीत 'पारंपरिक रूप जपावं' असं मोघम लिहून उपयोग नाही. कुठला माल चालेल, कुठला नाही, हे नावानिशी लिहावं.

गवत कापायला माणसं कुठून आणायची

ओगिमाचीत एका छपराची एक बाजू एका दिवसात बदलायला शंभराहून जास्त माणसं लागतात. ती पूर्वापार 'युई' नावाच्या रिवाजाने जमतात: आज तुझ्या छपरावर मी, उद्या माझ्या छपरावर तू. मराठीत आपण सावड म्हणतो तेच. घरोघरी पाहुणे उतरू लागले की आधी सावड मोडते. ज्या दिवशी छपरावर चढायचं त्याच दिवशी खोल्या भरलेल्या असतात. मग मजूर लावावे लागतात, मजुरीने शाकारणी महागते, आणि महागली की पत्रा स्वस्त वाटू लागतो.

इथे एक हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. समजा १२ घरं पाहुणे घेतात आणि प्रत्येकात ४ खाटा आहेत. म्हणजे ४८ खाटा, वर्षाच्या १७,५२० खाट-रात्री (एक खाट एका रात्रीसाठी, ही एक खाट-रात्र). एका रात्रीच्या दरातले १५ टक्के वारसा निधीत जातात असं धरा. छप्पर ३० वर्षांनी बदलायचं आहे आणि मजूर लावून, गवत विकत आणून त्याचा खर्च ३,००० खाट-रात्रींच्या दराइतका येतो. तर एका छपरासाठी ३० वर्षांत २०,००० खाट-रात्री विकल्या जायला हव्यात. बारा घरांसाठी दर वर्षी ८,०००. म्हणजे वर्षभर जवळजवळ निम्म्या खाटा भरलेल्या हव्यात. आडबाजूच्या गावाला हे क्वचितच जमतं.

आता तेच काम सावडीने करा आणि गवत गावच्या कुरणातलं वापरा. समजा खर्च १,००० खाट-रात्रींवर आला. मग दर वर्षी सुमारे २,६७० खाट-रात्री पुरतात, म्हणजे १५ टक्के खाटा भरल्या तरी भागतं. आकडे उदाहरणाचे आहेत, प्रत्येक गावाने आपले घालावेत. मुद्दा हा की छप्पर वाचवायला पाहुण्यांच्या पैशापेक्षा सावड आणि कुरण जास्त कामी पडतात. पर्यटनाच्या योजनेत कुरणाला कुंपण आणि सावडीला तारखा असल्या पाहिजेत त्या यासाठी. पार्किंगसाठी सर्वांत सपाट जागा म्हणून कुरणच निवडलं जातं, हा नेहमीचा घोटाळा. त्याची किंमत पुढच्या शाकारणीला कळते.

आणि १५ टक्के खाटा भरणं हेही सहज जमतं असं समजू नये. रेनफॉरेस्ट अलायन्स आणि कॉन्झर्व्हेशन इंटरनॅशनल या संस्थांनी लॅटिन अमेरिकेतल्या २०० गाव-पर्यटन प्रकल्पांची पाहणी केली, तेव्हा राहायची सोय देणाऱ्या अनेक ठिकाणी खाटा जेमतेम ५ टक्केच भरत होत्या. खोल्या बांधायला अनुदान मिळालं होतं, पाहुणे आणायची वाट कुणी बांधली नव्हती. म्हणून कामाचा क्रम उलटा ठेवावा. आधी चार-पाच घरांनी, आहे त्याच खोल्यांत, काही न बांधता एक हंगाम काढावा. त्या हंगामात कोण येतं, कुठून कळून येतं, किती राहतं आणि काय खटकतं हे लिहून ठेवावं. नेपाळच्या २०१० सालच्या होमस्टे कार्यविधीत सामुदायिक होमस्टेसाठी किमान पाच घरांची अट आहे, आणि ती शहाणपणाची आहे: एक-दोन घरं असली तर तो खासगी धंदा होतो, पाच झाली की नियम करावेच लागतात.

मोजदाद

काय जपायचं ते आधी कागदावर यायला हवं. यादी करायला बाहेरचा तज्ज्ञ चालेल, पण उत्तरं गावाची हवीत, आणि म्हातारे, कर्ते व तरुण यांना वेगवेगळं बसवून घ्यावीत. बायकांना तर नक्कीच वेगळं. एकत्र बैठकीत देऊळ आणि वाडा एवढंच यादीत येतं. बियाणं राखायची पद्धत, ओव्या, विणीचे नमुने येत नाहीत.

यादीतल्या प्रत्येक गोष्टीपुढे लिहायचं: ती कुणाकडे आहे, किती जणांना येते, पूर्ण स्वरूपात शेवटची कधी झाली, तिला लागणारा माल कुठून येतो, आणि ती येणाऱ्यांतल्या सर्वांत लहान माणसाचं वय किती. या शेवटच्या रकान्याइतकं खरं बोलणारं दुसरं काही नाही. एखादी कला १४ जणांना येते हे ऐकून बरं वाटतं. त्यांतला सर्वांत लहान ५८ वर्षांचा आहे हे कळलं की निधी कुठे जायला हवा ते आपोआप ठरतं. दर वर्षी हा रकाना पुन्हा भरावा. आकडा दर वर्षी एकाने वाढत असेल तर पाहुण्यांची संख्या कितीही फुगो, काम चुकतंय.

याच यादीवर तीन खुणा कराव्यात: सर्वांना खुलं, विचारून दाखवायचं, आणि बंद. बंद म्हणजे बंद. पाहुण्याने दुप्पट पैसे दिले तरी. कुठल्या गोष्टीवर कुठली खूण, हे ती गोष्ट सांभाळणाऱ्यांनीच ठरवायचं, पर्यटन समितीने नाही. अमूर्त वारशाच्या, म्हणजे गाणी, खेळ, विधी, हस्तकौशल्य यांच्या रक्षणासाठी युनेस्कोचा २००३ चा करार आहे आणि त्याला धरून २०१५ मध्ये बारा नैतिक तत्त्वं मान्य झाली. त्यांतही हाच आग्रह आहे की समाजाची संमती दबावाशिवाय, आधी, माहिती देऊन घेतलेली आणि पुढेही कायम असलेली हवी. 'पुढेही कायम' हे महत्त्वाचं. दिलेली संमती परत घेता येते, हे पहिल्याच कागदावर लिहावं.

शंभरातले किती कुणाला

पाहुण्याने राहण्या-जेवणाचे १०० दिले असं धरू. चालू शकेल अशी एक वाटणी: ६० यजमान घराला, १५ वारसा निधीला, १० गावाच्या सामाईक कामाला, १० बुकिंग, हिशेबनीस आणि साफसफाईला, ५ अडीनडीची गंगाजळी. टक्के इकडेतिकडे होतील. पण दोन गोष्टी होऊ देऊ नयेत.

पहिली, कपात नंतर गोळा करणं. यजमानाने सगळे पैसे घ्यायचे आणि महिनाअखेर निधीत भरायचे, ही पद्धत दोन-तीन महिन्यांतच बारगळते. कुणाच्या घरी आजारपण असतं, कुणी 'पुढच्या वेळी' म्हणतो, मग ज्याने भरले तो स्वतःला मूर्ख समजू लागतो. पैसा आधी सामाईक खात्यात यावा आणि तिथून कापून घरोघरी जावा. दुसरी, कलावंताचं मानधन या शंभरात कोंबणं. वादक, नाट्यकर्मी, कारागीर यांचे पैसे पाहुण्याकडून वेगळे घ्यावेत आणि ते दर खेळामागे ठरलेले असावेत, पाहुणे दोन असोत की वीस. बक्षिसीवर सोडलं तर कलावंत पाहुण्याच्या खुशीकडे बघून कला वाकवतो. त्यात त्याचा दोष नाही, तशी व्यवस्थाच आपण केलेली असते.

वारसा निधीचा खर्च कुठे? छपरं, गिलावा, कुरण, वाद्यांची दुरुस्ती, शिकणाऱ्या मुलांना विद्यावेतन आणि शिकवणाऱ्याला मानधन. कमान, स्वागतकक्ष, दिव्यांचे खांब, फलक यांवर यातला पैसा खर्च करायला बंदी असावी. ही बंदी लिहिली नाही तर पहिला खर्च कमानीवरच होतो.

पाळी

पाहुणे कुणाच्या घरी उतरवायचे यावरून जितकी गावं फुटतात तितकी दुसऱ्या कशाने फुटत नसावीत. उपाय सगळ्यांना माहीत आहे, पाळी लावायची. पण पाळी कशाची मोजता यावर सगळं अवलंबून असतं. गट मोजले तर एका घराला दोन माणसं एका रात्रीसाठी येतात, दुसऱ्याला सहा माणसं तीन रात्रींसाठी. दोघांचीही 'एक पाळी' झाली, कमाई मात्र दोन विरुद्ध अठरा खाट-रात्री. म्हणून वही खाट-रात्रींची ठेवावी. ज्या घराचा आकडा सर्वांत कमी, त्याचा पुढचा नंबर.

मग अडचण येते नाव घेऊन मागणाऱ्या पाहुण्यांची. 'आम्हाला त्याच घरी राहायचंय, इंटरनेटवर वाचलंय.' हे साफ नाकारलं तर पाहुणा जातो, सरसकट मान्य केलं तर दोन वर्षांत तीन घरं श्रीमंत होतात आणि नऊ घरं पाळीतून मनाने बाहेर पडतात. मधला मार्ग असा: नावाने आलेलं बुकिंग त्या घराला मिळेल, पण त्या खाट-रात्री वहीत दीडपट मोजल्या जातील. चांगल्या पाहुणचाराचा फायदाही मिळतो आणि पाळीही मोडत नाही.

ज्यांच्या घरी पाहुणा उतरवण्याजोगी खोलीच नाही त्यांचं काय, हा खरा अवघड प्रश्न. वारसा सांभाळणारी माणसं बऱ्याचदा याच घरांतली. त्यांना खोली आणि संडास बांधायला निधीतून बिनव्याजी उसनवारी देता येते, ती खाट-रात्रींतून फिटते. किंवा वाटाड्या, धोबीकाम, भाजीपाला, लाकूडफाटा ही कामं आधी त्यांच्यासाठी राखून ठेवता येतात. आणि समितीत यजमान घरांचे लोक निम्म्याहून कमी असावेत. नाहीतर गावाची समिती हळूहळू लॉजमालकांची संघटना होते.

होडी कुणाची

पेरूमधल्या तितिकाका सरोवरातलं ताकीले बेट हे या बाबतीत शिकण्यासारखं. तिथले पुरुष टोप्या विणतात, बायका माग चालवतात. २००५ मध्ये युनेस्कोने या वस्त्रकलेला मानवजातीच्या वारशात गणलं. पर्यटन सुरू झालं तेव्हा बेटकऱ्यांनी सगळ्या किल्ल्या आपल्या हातात ठेवल्या होत्या. पाहुणे पाळीने घरोघर, विणकाम सामाईक दुकानात ठरलेल्या किमतीला, आणि पुनो शहरातून बेटावर आणणाऱ्या होड्याही बेटकऱ्यांच्याच. १९९० च्या दशकात देशात मक्तेदारी मोडणारे कायदे आले आणि होडीवाहतूक बाहेरच्या कंपन्यांना खुली झाली. पुढे काय झालं ते एखाद्याने सहज ताडावं. कंपनीची होडी सकाळी येते आणि दुपारी पाहुण्यांना परत नेते. मुक्काम गेला, की खाट गेली, की पाळीला अर्थ उरला नाही. पाहुण्यांची संख्या वाढली तरी बेटावर राहणारा वाटा घटला. नियम बेटावर होते आणि होडी बेटाबाहेर गेली होती.

म्हणून गावाने स्वतःला विचारायचं: पाहुणा इथवर कशाने येतो, आणि किती वाजता परत जाणार हे कोण ठरवतं? शेवटच्या टप्प्याची जीप, होडी, चालण्याची वाट आणि बुकिंगचा फोन, यांतलं निदान एक गावाकडे पक्कं हवं. सगळं बुकिंग एकाच एजंटाकडे देणं हा हळूहळू लागणारा गळफास आहे. पहिल्या वर्षी तो पाहुणे आणतो, दुसऱ्या वर्षी कमिशन वाढवतो, तिसऱ्या वर्षी शेजारच्या गावाचा दर दाखवतो. कुठल्याही एका एजंटाकडून एकूण बुकिंगच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त घ्यायचं नाही, असा आकडा ठरवून ठेवलेला बरा.

जमिनीचंही तेच. ओगिमाचीच्या रहिवाशांनी १९७१ मध्येच संघटना करून तीन गोष्टी ठरवल्या: विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. युनेस्कोच्या यादीत नाव आलं १९९५ ला, म्हणजे त्यानंतर २४ वर्षांनी. हा क्रम लक्षात घ्यावा. नाव झाल्यावर असा ठराव करणं फार कठीण, कारण तोवर जमिनीचे भाव आणि नातेवाईक दोन्ही जागे झालेले असतात.

किती पाहुणे पुरे

ऑस्ट्रियातल्या हालश्टाट गावात राहतात साडेसातशेच्या आसपास माणसं, आणि गर्दीच्या दिवसांत येतात दहा हजारांपर्यंत. खुद्द ओगिमाचीला हिवाळ्यातल्या रोषणाईच्या रात्रींसाठी २०१९ पासून आधी नोंदणी सक्तीची करावी लागली. मर्यादा ठरवायची वेळ गर्दी व्हायच्या आधीची असते.

मर्यादा अंदाजाने ठरवू नये, सर्वांत अरुंद जागेवरून ठरवावी. पाणी, संडास, पायवाट, यजमानांची दमणूक, प्रत्येकाचा वेगळा आकडा काढायचा आणि सर्वांत लहान तो गावाचा आकडा. पाण्याचं उदाहरण घेऊ. सर्वांत कोरड्या महिन्यात झरा दिवसाला १२,००० लिटर देतो. गावातली २०० माणसं, माणशी ४५ लिटर, म्हणजे ९,०००. जनावरांना १,२००. उरले १,८००. पाहुण्याला दिवसाला ९० लिटर लागतात असं धरलं तर वीस पाहुणे. खाटा ४८ असल्या तरी त्या महिन्यात वीसच. सरासरी महिन्याचं पाणी धरून हिशेब केला की उन्हाळ्यात टँकर येतो, आणि पाहुण्याच्या शॉवरसाठी गावची बाई लांबून पाणी आणते. त्या दिवसापासून गाव पर्यटनाच्या विरोधात जातं.

संडासाचा शोषखड्डा पिण्याच्या पाण्याच्या जागेपासून किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. जुन्या वाडीत घरं खेटून असतात, त्यामुळे घरटी खड्ड्यापेक्षा तीन-चार घरांना मिळून एक व्यवस्था बहुधा सोयीची पडते. गाड्या वाडीबाहेर थांबवाव्यात. ओगिमाचीत मुख्य वाहनतळ नदीपलीकडे आहे आणि माणसं झुलत्या पुलावरून चालत येतात. चालत येणारा माणूस दुकानासमोर थांबतो, बसमधला थांबत नाही, हा वरचा फायदा.

घरं रिकामी पडलेल्या गावांसाठी इटलीत निघालेली 'विखुरलेलं हॉटेल' ही कल्पना बघावी. १९७६ च्या भूकंपानंतर फ्रिउली भागातल्या ओस वाड्यांचं काय करायचं यातून ती उगवली आणि ज्यानकार्लो दाल्ल'आरा यांनी तिला आकार दिला. नवी इमारत बांधायची नाही. नोंदणीची जागा एका घरात, खोल्या गल्लीबोळांतल्या रिकाम्या घरांत. मात्र गावात खरोखर राहणारी माणसं उरलेली असली पाहिजेत. पूर्ण ओस वाडीत हे केलं तर फक्त सुंदर सेट मिळतो.

वीस मिनिटांचं नाट्य

रात्रभर चालणारा खेळ पाहुण्यांसाठी वीस मिनिटांचा करावा लागतो, यावर उगाच नाक मुरडू नये. पाहुण्याला भाषा येत नाही, तो दमलेला असतो. धोका वेगळाच आहे. पैसा वीस मिनिटांनाच मिळतो, म्हणून नवी मुलं तेवढीच शिकतात. जुनी पिढी गेली की उरलेला खेळ कुणाला येतच नाही. त्यावर उतारा असा: दर अमुक छोट्या खेळांमागे, समजा पंचवीस, निधीतून एक पूर्ण खेळ गावासाठी करायचा. पाहुणा आला तर मागे बसेल, पण खेळ त्याच्यासाठी नाही. छोट्या खेळात तालीम झालेल्या मुलांना पूर्ण खेळात एक तरी भूमिका द्यायची. आणि विधीची तारीख पाहुण्यांच्या सुट्टीसाठी हलवायची नाही. एकदा हलवली की ती तारीख गावाची राहत नाही.

हस्तकलेत घुसखोरी यंत्रमालाची होते. सामाईक दुकानातल्या प्रत्येक वस्तूवर करणाऱ्याचं नाव, कामाचे तास आणि माल लिहिला की स्वस्त नकलेशी तुलना करायला पाहुण्याकडे काहीतरी असतं. बाहेरचा माल दुकानात ठेवायचाच असेल तर वेगळ्या फळीवर, तसं लिहून.

वही, दंड आणि बंदीचे दिवस

सामाईक गोष्टी लोक स्वतः कशा सांभाळतात याचा अभ्यास करून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी टिकलेल्या व्यवस्थांत एक गोष्ट वारंवार पाहिली: शिक्षा पायऱ्यापायऱ्यांची असते. पहिल्या चुकीला समज, दुसऱ्यांदा छोटा दंड, मग एका पाळीला मुकणं, शेवटी बाहेर. पहिल्याच चुकीला बाहेर काढायचा नियम कुणीच वापरत नाही, कारण बाहेर जाणारा कुणाचा तरी मेहुणा असतो. न वापरलेला नियम नसलेल्या नियमापेक्षा वाईट.

हिशेब दर महिन्याला मोठ्याने वाचून दाखवावा. फलकावर लावणं पुरेसं नाही, वाचता न येणाऱ्यांचेही त्यात पैसे असतात. खात्यावर दोघांच्या सह्या, त्यांतला एक यजमान नसलेला. हिशेबनीस पगारी असावा. फुकट काम करणारा भला माणूस दुसऱ्या वर्षी थकतो आणि वही त्याच्या घरी अडकते.

वर्षाची दिनदर्शिका भरताना आधी गावाचे दिवस टाकायचे. गवत कापणी, शाकारणीची सावड, पेरणी-कापणी, पूर्ण खेळाची रात्र, बंद खूण असलेले विधी. उरलेल्या चौकटी पाहुण्यांच्या. हे दिवस एजंटांना आणि बुकिंगच्या संकेतस्थळांना निदान सहा महिने आधी कळवावे लागतात, कारण एकदा पैसे घेऊन बसलेल्या पाहुण्याला परत पाठवायला कुणाचीच जीभ रेटत नाही, आणि मग छपरावर चढायचे हात स्वयंपाकघरात अडकतात. बुकिंगच्या फोनवर बसणाऱ्याकडे त्या दिवसांच्या खोल्या विकायला असूच नयेत. वहीत त्या पानांवर आधीच आडवी रेघ मारून ठेवावी.